१७२ एनचं पॅनेल : सहाही गेज ठरली

फ्लाइट सिम्युलेटरच्या पॅनेलसाठी गेज, म्हणजे सुईच्या तबकड्या, निवडायचं काम एकदाचं मार्गी लागलं. विमान आधीच पक्कं होतं, १९७८ चं सेसना १७२ एन. त्यामुळे जी १००० सारख्या, सुयांऐवजी सगळं स्क्रीनवर दाखवणाऱ्या काचेच्या पडद्यांचा प्रश्नच नव्हता. माझा आग्रह एकच होता: दिसणं जुळलं की नाही हे नंतर बघू, आधी सुई त्या विमानासारखी वागली पाहिजे.

एअरस्पीडपासून, म्हणजे वेगाच्या गेजपासून, सुरुवात केली. सिम्युलेटरसोबत येणारं १७२ बहुधा एस मॉडेल असतं आणि त्याची लाल रेघ (कधीच ओलांडायचा नाही तो वेग) १६३ नॉटला आहे. एनची १६० ला, आणि पिवळा, सावधगिरीचा पट्टा १२८ लाच सुरू होतो. म्हणून डायल नव्याने काढून छापली. उडवताना आकडे वाचायला वेळ कुठे असतो? नजर रंगांवरच जाते, त्यामुळे ते चुकलेले मला चालणार नव्हते.

सगळ्यात जास्त वेळ उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरने खाल्ला, आणि त्यातच खरी मजा आली. सुई फिरवणारी एक्स२७ जातीची छोटी स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) ३१५ अंशांवर अडते. व्हीएसआयला (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारं गेज) ती छान चालते, पण अल्टिमीटरची मोठी सुई दर हजार फुटांना एक फेरा मारते आणि चढत राहिलं की फिरतच राहते. तिथे अडथळा नसलेली मोटरच हवी, शिवाय चालू करताना शून्य शोधायला सेन्सर. हवेच्या दाबाचा नॉब पाऱ्याच्या ०.०१ इंचाने फिरवला की उंची साधारण १० फुटांनी बदलते, म्हणजे सुई जेमतेम ३.६ अंश हलते. एन्कोडरच्या (नॉब किती फिरला ते मोजणारा भाग) प्रत्येक खटक्याला ती तेवढीच सरकताना बघून फार समाधान वाटलं.

व्हीएसआय खऱ्या विमानात काही सेकंद मागे राहतो, म्हणून सुईला मुद्दाम उशीर दिलाय. हा उशीर नसला की माणूस व्हीएसआयच्या मागे धावायला शिकतो आणि हॉरायझनकडे (विमानाचा कल दाखवणारं गेज) बघणं विसरतो.

जायरोंच्या, म्हणजे आत चाक गरगर फिरणाऱ्या गेजांच्या, बाबतीत माझं मत ठाम आहे. हॉरायझन आणि दिशा दाखवणारा हेडिंग इंडिकेटर व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने ओढलेल्या हवेवर, चालतात; वळण्याचा वेग दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. पंप गेला की पहिले दोन हळूहळू कलंडतात आणि तिसरा शाबूत राहतो. म्हणून पंपाची ओढ दाखवणाऱ्या सक्शन गेजला जागा दिलीच आहे. तो नसेल तर पंप गेल्याचं कळणार कसं? हेडिंगचा ड्रिफ्टही, म्हणजे दाखवलेली दिशा हळूहळू चुकत जाणं, चालू ठेवलाय. दर १५ मिनिटांनी, विमान सरळ आणि समपातळीत असताना, होकायंत्र बघून ते जुळवायचं. वळणात होकायंत्रावर भरवसा ठेवायचा नाही, हे ओघाने आलंच.

टर्न कोऑर्डिनेटरचं फारसं काही नाही. ३ अंश प्रति सेकंदाच्या खुणेवर दोन मिनिटांत पूर्ण वर्तुळ होतंय, बस.

आता पत्रा कापायचा. भोकं खऱ्या मापाची, ३ १/८ इंच, म्हणजे साधारण ७९.४ मिमी. रेडिओंचं त्यानंतर बघू.