पटलावर ठेवलेलं काम

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी इंग्रजी संभाषण शिकवते. एका मंगळवारी वर्ग सुरू व्हायच्या आधीच एक मुलगी रडवेली होऊन आत आली. अमेरिकेतल्या क्लायंटचा आदल्या दिवशी मेल आला होता, 'बिलिंगचा मुद्दा आपण टेबल करू.' पहाटे तीनपर्यंत जागून तिने त्याच मुद्द्याचं प्रेझेंटेशन तयार केलं होतं. हातातलं काम तसंच राहिलं. "साधं इंग्रजी कळत नाही का?" असं साहेब सगळ्यांसमोर बोलले.

मेल वाचून मला फार वाईट वाटलं, कारण तिचं इंग्रजी चुकलंच नव्हतं. ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं. आपल्या विधानसभेत कागदपत्रं 'सभागृहाच्या पटलावर' ठेवतात, तेच हे टेबल. अमेरिकेत अर्थ नेमका उलटा, विषय तूर्त बाजूला ठेवा. दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत चर्चिल यांनी असाच प्रसंग नोंदवला आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने 'टेबल' करायचं होतं. अमेरिकनांना वाटलं, हे ते बासनात गुंडाळायला निघालेत. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि हवं होतं दोघांनाही एकच!

मी तिला घेऊन साहेबांकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ मेलकडे बघत राहिले. मग तिला म्हणाले, "सॉरी. तू आज घरी जा, झोप काढ."

ती गेली नाही, वर्गात बसली. त्या दिवशी ठरलेला धडा सोडून आम्ही दिरंगाईचेच वाक्प्रचार घेतले. 'ट्विडलिंग थम्ब्ज' म्हणजे आपलं माश्या मारत बसणं. 'किकिंग द कॅन डाउन द रोड' म्हणजे आजचं मरण उद्यावर ढकलणं. पण मला जास्त वेळ द्यावासा वाटला तो 'ड्रॅगिंग युअर फीट'वर. ऐकायला तो साधा वाटतो, पण तुम्ही मुद्दाम चालढकल करताय असा ठपका त्यात असतो. असा मेल आला तर गप्प बसू नका, काम कशामुळे अडलंय ते लगेच कळवा, असं मी मुलांना बजावलं.

शेवटी तिने विचारलं, "मॅडम, आत्ताच क्लायंटचं उत्तर आलंय. बिलिंग सध्या 'बॅक बर्नर'वर आहे म्हणे. म्हणजे गेलंच ना?"

"नाही गं. पुढच्या बर्नरवर घाईची भाजी, मागच्यावर मंद आचेवर आमटी. गॅस बंद नाही केलेला."

तिने लॅपटॉप उघडला आणि रात्रीची फाइल नीट नाव देऊन जपून ठेवली.