पहिला दिवस: बेलापूर ते माणगाव

पहाटे 5 ला बेलापूरहून निघालो, आता पाय भिंतीला टेकवून पडलेय. गोव्यापर्यंतची ही माझी पहिलीच सायकलवरची ग्रुप राइड. कर्नाळ्याची खिंड चढले, पण पेणच्या पुढे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, दोन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर! रडूच येत होतं. तेवढ्यात सपोर्ट टेम्पोतले काका उतरले. टायरच्या आतून अंगठा हळूहळू फिरवला आणि केसाएवढी तार चिमट्याने ओढून काढली. ट्रकच्या फुटलेल्या टायरांतल्या अशा तारा हायवेवर पडलेल्या असतात. ती निघाल्याशिवाय ट्यूब कितीही बदला, उपयोग नाही. मग हातावर मीठ लावलेली काकडी ठेवली, "सावकाश ये गं, आम्ही मागेच आहोत."

खरंच मागेच होते. सगळ्यांत शेवटी पोचले, पण टेम्पोत बसले नाही. उद्या कशेडी घाट!