गाडी तापते, पण खाली थेंब नाही

कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या गुलाबी द्रवाच्या टाकीतली पातळी हळूहळू खालच्या रेघेकडे येत होती आणि गाडीखाली मात्र काहीच सापडत नव्हतं. आमचं अंगण जांभ्याच्या चिऱ्यांचं. त्यावर गुलाबी पाणी चटकन दिसत नाही, म्हणून रात्री गाडीखाली पुठ्ठे पसरले. सकाळी पुठ्ठा डाव्या बाजूला ओला. बोटाने चोळून पाहिलं, तर साधं पाणी. वास नाही, चिकटपणा नाही. ते एसीचं पाणी होतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत एसी भरपूर पाणी गाळतो. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास येतो. (ते चाखून मात्र बघू नये. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि गोडीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. म्हणून टाकी भरताना सांडलेलं मी लगेच धुऊन टाकते.)

आम्ही मालवण तालुक्यातले, घर समुद्राला लागून. आईच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी कोल्हापूरला जावं लागतं. कणकवली, फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी असा रस्ता. सपाटीवर गाडी अगदी ठीक चालायची. उन्हाळ्यात घाट चढताना मात्र इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकला. बहुतेक गाड्यांत हा काटा मुद्दामच मध्यावर स्थिर राहील असा बसवलेला असतो. तो हलला म्हणजे इंजिन बऱ्यापैकी तापलेलं असतं. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण उघडला. हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता बाहेर काढतो. आधी गरम हवा आली, मग ती कोमट झाली. इंजिन तापलेलं आणि हीटरची हवा थंड, याचा अर्थ तिथवर पाणी पोचत नाही. गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि झाकणाला हात न लावता बराच वेळ बसून राहिलो. तापलेल्या टाकीचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. त्या बाबतीत घाई नाही म्हणजे नाही.

एका गॅरेजमध्ये पाहताक्षणी निदान झालं, हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं. पंचवीस हजारांच्या वरचा अंदाज हातात दिला. मला ते पटेना. गॅस्केट गेलं असेल तर काही खुणा दिसायला हव्यात. ऑइलमध्ये पाणी मिसळलं तर डीपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या सळीवर, दुधाळ फेस येतो; आमचं ऑइल काळं, स्वच्छ. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर नाही. इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे नाहीत. पाणी जातंय हे खरं, पण ते इंजिनाच्या आतच जातंय याचा एकही पुरावा नव्हता.

मग कुडाळजवळच्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, पाणी खालती पडला नाय म्हणजे गळला नाय, असा नसता. हेड मागाहून बघूया. आधी पाणी खंय जाता ता बघूया."

त्यांनी आधी एक निळं द्रावण काढलं. टाकीच्या तोंडातली हवा त्यातून ओढायची. जळलेल्या डिझेलचा वायू आत शिरत असेल तर रंग बदलतो. निळं निळंच राहिलं. त्या क्षणी माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

पुढची तपासणी दाबाची. टाकीच्या झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असतो, आमच्या झाकणावर १.१ आहे, म्हणजे १.१ बार (बार हे दाबाचं एकक). हा दाब उगाच नसतो. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. त्यावर १ बार जादा दाब असला की तेच सुमारे १२० अंशांना उकळतं, आणि कूलंट मिसळलेलं पाणी त्याहूनही वर. गळतीमुळे नुसतं पाणी जात नाही, हा दाबही जातो, आणि मग घाटात इंजिनावर भार आला की आतलं पाणी लवकर उकळायला लागतं. सपाटीवर गाडी का तापत नव्हती, ते मला तेव्हा उमगलं.

गाडी पूर्ण थंड होऊ दिली. झाकणाच्या जागी मीटर लावलेला हातपंप बसवून मेस्त्रींनी १ बारच्या जवळ हवा भरली. काटा जागच्या जागी राहिला तर बाहेर गळती नाही. आमचा काटा घड्याळाच्या तासकाट्यासारखा, बघताना हलत नाही पण नजर वळवून परत पाहावं तर खाली आलेला. म्हणजे गळती होती, बारीक होती, आणि थंड इंजिनातही होती. आधी त्यांनी सगळे होजपाईप आणि क्लिपा चाचपल्या. मग वॉटर पंप. पंपाचं सील झिजलं की त्याच्या अंगावरच्या छोट्या भोकातून पाणी झिरपतं. तिथे कोरडं होतं. हीटरही गळू शकतो, तेव्हा पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. आमचं कार्पेट कोरडं. रेडिएटरची प्लॅस्टिकची टोकं जिथे ॲल्युमिनियमला जोडलेली असतात ती जागाही ठीक होती.

शेवटी एअर फिल्टरचा डबा आणि खालचा प्लॅस्टिकचा ट्रे काढला. इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्याकडे, एक लोखंडी पाईप वॉटर पंपापासून हीटरकडे जातो. वरून तो दिसतच नाही. मेस्त्रींनी विजेरी आणि हातातला छोटा आरसा आत घातला. पाईप ज्या पट्टीने इंजिनाला धरलेला होता, त्या पट्टीच्या कडेला गुलाबी-पांढरी खरड धरलेली होती. पाणी उडून गेलं की कूलंट अशी खूण मागे ठेवतो. पंप आणखी थोडा मारला, तसा खरडीतून एक मणी फुगून आला. "हयसर गावला!" मेस्त्री म्हणाले, आणि त्यांच्याइतकाच आनंद मला झाला.

पट्टी आणि पाईप यांच्यात खारा दमटपणा वर्षानुवर्षं अडकून राहिला होता आणि पाईप बाहेरूनच गंजून त्याला सुईएवढं भोक पडलं होतं. खाली सायलेन्सरचा तापलेला पाईप. गाडी चालताना थेंब त्यावर पडून वाफ व्हायचे, उरलेले ट्रेमधल्या धुळीत जिरायचे. पुठ्ठ्यावर काय येणार?

नवा पाईप कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने आला, दोन हजारांच्या आत. बसवण्याआधी पट्टीच्या जागेवर गंजरोधक प्रायमर मारून घेतला, ओ-रिंग आणि क्लिपा नव्या घातल्या. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. गाडीचं नाक चढावाकडे करून, हीटर पूर्ण उघडा ठेवून, हवा काढायचा स्क्रू सैल केला. वरचा होज गरम होऊन पंखा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. हवा आत अडकली तर नवा पाईप बसवूनही गाडी तापेल, म्हणून हे काम मेस्त्रींनी अजिबात उरकलं नाही. थंड झाल्यावर परत दाब भरला. काटा हलला नाही. त्यानंतर भर दुपारी दाजीपूरपर्यंत चढून आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी जिथल्या तिथे होती.

वेंगुर्ल्याच्या माझ्या मावसभावाकडे हीच गाडी आहे, तीही समुद्रालगत उभी असते. परवा आरसा घालून त्याचा पाईप पाहिला. अजून गळत नाही, पण पट्टीखालचा गंज नखाने खरवडला की पापुद्रे सुटतात. त्याचाही पाईप मागवला आहे, पावसाच्या आधी बसेल.