पोरं होत नाहीत, मग सिंगापूरला एवढी गर्दी कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतरी पुण्याला आलो की काकांपासून सोसायटीतल्या वॉचमनपर्यंत सगळे हेच विचारतात, की तुमच्या सिंगापूरला म्हणे कुणाला पोरंच होत नाहीत, मग लोकसंख्या वाढते कशी? तर दोन्ही खरंय. एका बाईमागे सरासरी 0.97 मुलं, 2023 ला तेवढीच आणि 2024 लाही तेवढीच, आणि 2024 तर ड्रॅगनचं वर्ष होतं, त्यात जन्मलेलं पोर चिनी लोक भाग्यवान मानतात, 1988 ला त्यापायी जन्म मस्त वाढले होते. 2024 ला मात्र ड्रॅगननेही हात टेकले.

तरी 2024 ला माणसं 60.4 लाख. त्यात नागरिक फक्त 36.4 लाख, 5.4 लाख आमच्यासारखे पीआरवाले, म्हणजे कायम राहायची परवानगी असलेले पण नागरिक नसलेले, आणि बाकीचे 18.6 लाख कुठल्या ना कुठल्या पासवर, म्हणजे तात्पुरत्या परवान्यावर आलेले. जागा म्हणाल तर मुंबईपेक्षा थोडीच जास्त.

आणि हेच सरकार 1972 ला 'दोनवर थांबा' सांगत होतं बरं का! पुढच्या पोराला बाळंतपणाचं बिल जास्त, शाळेच्या ॲडमिशनला नंबर मागे. लोकांनी ऐकलं, नको तेवढं ऐकलं, 1975 च्या सुमारास बाईमागे मुलांचा दर 2.1 च्या, म्हणजे लोकसंख्या आपली आपण टिकायला लागतो त्याच्या खाली गेला तो परत वर आलाच नाही. 1987 ला तेच सरकार म्हणालं, परवडत असेल तर तीन किंवा जास्त होऊ द्या. आता पहिल्याच पोराला 11,000 सिंगापूर डॉलर रोख देतात, म्हणजे आपले सात लाख तरी. पण पैशाने काय होतंय, ट्यूशन आणि ऑफिसचे तास बघितले की मलाच दुसऱ्याची हिंमत झाली नाही. सरकारी नवा फ्लॅट जोडीने मिळतो, एकट्याला पस्तिशीपर्यंत थांबायचं, म्हणून 'फ्लॅटला अर्ज टाकूया का' म्हणजेच लग्नाची मागणी असं तिथे गमतीत म्हणतात.

मला खटकतं ते वेगळंच. सकाळी आमच्या लिफ्टमध्ये व्हीलचेअरवर एक आजी असतात, ढकलणारी हेल्पर इंडोनेशियाची, तिची पोरं गावी तिच्या आईकडे. परमिटवाल्या हेल्परची दर सहा महिन्यांनी मेडिकल होते, त्यात प्रेग्नन्सी टेस्ट, पॉझिटिव्ह आली की बहुतेक वेळा घरचं तिकीट. म्हणजे ज्यांना पोर व्हावं म्हणून सरकार पैसे देतं त्यांना नकोय, आणि जिच्यावर म्हातारी माणसं सोपवलीत तिला होऊ द्यायचं नाही.

स्थानिक लोक चिडतात तेही बाहेरच्यांवरच. 2013 ला सरकारने 2030 पर्यंत लोकसंख्या 69 लाखांपर्यंत जाईल असा अंदाज छापला तर हाँग लिम पार्कात चक्क निदर्शनं झाली, जी सिंगापुरात क्वचितच होतात. आजही एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, दाटी झाली की कुणीतरी पुटपुटतंच, फार लोक आणलेत म्हणून. आम्ही पीआरवाले तेव्हा मोबाईलमध्ये डोकं घालतो.