वाघ की मांजर

शाळेत इंग्रजीच्या बाईंनी आमच्याकडून इंग्रज कवी विल्यम ब्लेकची 'द टायगर' ही कविता पाठ करून घेतली होती. रात्रीच्या रानात धगधगणारा वाघ, ह्याला घडवला कोणी, हातोडा कुठला, भट्टी कुठली, प्रश्नावर प्रश्न, आणि आम्ही सगळा वर्ग एका सुरात, पाढे म्हणतात तसं. तेव्हापासून माझ्या डोक्यात जो वाघ बसला तो कॅलेंडरवर देवीच्या पायाशी असतो तसला, जबडा उघडून, डोळे लाल.

मागच्या आठवड्यात झोप येईना म्हणून मोबाईल घेऊन पडले होते आणि इकडून तिकडून करत ब्लेक आर्काइव्हवर, म्हणजे त्याच्या कविता-चित्रांच्या ऑनलाइन संग्रहावर पोचले. साइट 1996 पासून आहे, फुकट आहे, लॉगिन-बिगिन काही मागत नाही. तिथे ही कविता उघडली तर खाली वाघाचं चित्र! ब्लेकनेच काढलेलं. आणि तो वाघ म्हणजे, काय सांगू, दूध पिऊन नुकतंच तृप्त झालेलं मांजर. शेजारून आई डोकावली, म्हणाली, "कोणाचं गं हे बोकोबा?"

मला तर माहीतच नव्हतं की हा माणूस चित्रकारही होता. म्हणजे पोटापाण्याचा धंदाच तो, कोरीवकामाचा, लहानपणी सात वर्षं एका उस्तादाकडे उमेदवारी केलेली. कविता छापखान्यात द्यायच्या नाहीत, घरीच तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं आणि चित्र एकत्र काढायचं, तेही ॲसिड लागणार नाही अशा द्रावणाने, मग ॲसिड ओतलं की बाकीचा पत्रा खाल्ला जातो आणि काढलेलं तेवढं वर राहतं, आपल्या रबरी शिक्क्यासारखं. आणि शिक्क्यासारखंच सगळं उलटं लिहायचं! अख्खी कविता आरशातल्या अक्षरात. मग छापायचं आणि एकेक पान हाताने रंगवायचं. त्यात बायको कॅथरीन मदतीला. लग्नाच्या रजिस्टरमध्ये हिने सहीच्या जागी फुली मारली होती, नंतर नवऱ्याकडून लिहायवाचायला शिकली आणि छपाई, रंगकाम सगळं करायला लागली. (ह्या बाईंवर कोणीतरी वेगळं लिहायला हवं.)

तर हाताने रंगवल्यामुळे दोन प्रती सारख्या नाहीत. आर्काइव्हमध्ये एकच पान वेगवेगळ्या प्रतींतलं शेजारी शेजारी लावून बघता येतं. मी वाघच लावले. एक पिवळट, एक तपकिरी, एक जरा रागावलेला, एक चक्क हसतोय असं वाटतं. ह्या प्रती एकमेकींपासून कुठल्या कुठे, कोणी लंडनला, कोणी केंब्रिजला, कोणी अमेरिकेत, आणि इथे माझ्या पांघरुणात सगळ्या रांगेत. काही प्रती 1794 च्या तर काही त्याच्या म्हातारपणी छापलेल्या, म्हणजे एवढे सगळे वाघ एकत्र खुद्द ब्लेकनेही बहुधा बघितले नसतील. मूळ पत्र्याचा ठसा साधारण 11 सेंटीमीटर उंच, मोबाईलपेक्षाही लहान. आम्ही घसा फोडून म्हणायचो ती कविता तळहातावर मावते!

मग काय, रोज रात्री हाच उद्योग. परवा वाचलं की 1809 मध्ये त्याने भावाच्या मोज्यांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर स्वतःचं प्रदर्शन भरवलं होतं. लोक फारसे फिरकले नाहीत, एका समीक्षकाने तर वेडा ठरवलं. पण त्या प्रदर्शनाचा कॅटलॉग त्याने स्वतः लिहिला होता आणि त्यात दहाव्या नंबरचं चित्र आहे 'द ब्रामिन्स'. चार्ल्स विल्किन्स गीतेचं भाषांतर करतायत आणि सोबत ब्राह्मण! मी उठूनच बसले. विल्किन्सची इंग्रजी गीता 1785 ची, ती ब्लेकपर्यंत पोचली होती तर. पुढे त्याने प्रांजळपणे लिहून टाकलंय की चित्रातला पोशाख चुकलाय असं मला कळलंय, पण जुन्या लोकांनीही असंच केलं आहे. म्हणजे चूक कबूल पण माघार नाही!

आता मला ते धोतर बघायचंच होतं. काय नेसवलं असेल ह्याने त्या ब्राह्मणांना, पंचा, झगा, का रोमन लोकांसारखी चादर? शोध शोध शोधलं. चित्र हरवलंय. कॅटलॉगमधल्या चार ओळी तेवढ्या उरल्यात.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मग नऊवारी धोतर काढलं असेल." हसू आवरेना. पण तेव्हापासून मला ते तसंच दिसतंय.