अख्खा कतला घरी येतो तेव्हा

वैशाखात तलाव आटत आला की जाळं पडतं आणि गावात मासोळी स्वस्त होते. आमच्या भंडारा जिल्ह्यात असे तलाव गावोगाव आहेत. कोहळी लोकांनी बांधलेले, १९५०च्या कायद्यानं मालगुजारी (इथली जमीनदारी) गेल्यावर सरकारजमा झालेले. मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवर समाजाच्या सोसायट्यांकडे असते. यंदा दीर थेट तलावाच्या पाळीवरून (बांधावरून) साडेतीन किलोचा अख्खा कतला घेऊन आले. घरात खाणारे चौघं, ऊन पंचेचाळीस अंशांचं, आणि लाईनीचा भरवसा नाही. लाईन गेली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट.

सगळा एकाच गंजात रांधला असता तर पहिल्या दिवशी ताट भरून आणि दुसऱ्या दिवशी तोच शिळा रस्सा. तसं करायचं नव्हतं. म्हणून आधी ठरवलं ते एवढंच, की जे लवकर नासतं ते आधी चुलीवर जाईल. मुंडी आणि पोटाचा भाग आजच. पाठ तळून ठेवायची. शेपटी उकडून.

कापणं आईंनी (सासूबाई) हाती घेतलं. हाताला राख, मासोळीलाही राख, म्हणजे निसटत नाही. खवले शेपटीकडून मुंडीकडे काढायचे. पोट चिरताना विळा उथळ धरायचा, कारण काळजाला (यकृताला) चिकटून हिरवट पित्ताची पिशवी असते आणि ती फुटली तर आसपासचं मांस कडू होतं. आई म्हणाल्या, "सावकाश वं, घाई कायची आहे?" शेजारच्या एका काकूंनी ते पित्त साखरेच्या आजारावर कच्चं गिळायला सांगितलं. त्यांना सरळ नाही म्हटलं. रोहू-कतल्याचं पित्त गिळून लोकांच्या किडन्या निकामी झालेल्या आहेत, हा औषधाचा प्रकार नव्हेच.

कतल्याची मुंडी मोठी, जवळजवळ पाव मासोळी तिच्यातच जाते, म्हणून फेकणाऱ्याचा मला राग येतो. कल्ले काढून टाकले, मुंडी उभी दुभागली. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर भाजून लसूण-धन्यांसोबत पाट्यावर वाटलं. आंबटाला कैरीच्या फोडी, त्या दिवसांत झाडावर असतात तर चिंच कशाला? तेलात वाटण चांगलं परतून, तिखट, हळद, गरम पाणी, आणि उकळी आल्यावर मुंडी. रस्सा पातळ ठेवला, वरून सांबार (कोथिंबीर). डोळ्याभोवतीचा आणि गालाचा मऊ भाग मामंजींच्या ताटात गेला, तो त्यांचा हक्क. त्याच रात्री पोटाचे तुकडे तिखट-मीठ-हळद लावून तव्यावर. पोटाला फक्त फासळीचे मोठे काटे असतात, म्हणून लेकीला तेच दिले.

खरी कटकट पाठीची. रोहू काय, कतला काय, पाठीत आणि शेपटीकडे दोन फाटे फुटलेले बारीक काटे मांसात रुतलेले असतात, ते उपसून निघत नाहीत. उपाय असा, की तुकड्याच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळजवळ आडव्या चिरा पाडायच्या, कणापर्यंत, पण तुकडा तुटू द्यायचा नाही. मग मीठ-हळद लावून भरपूर तेलात खरपूस तळायचं. चिरांत तेल शिरतं, काटे कुरकुरीत होतात आणि दाताखाली मोडतात. सराट्यानं सारखं उलटत बसलात तर तुकड्याचा चुरा होतो, एका बाजूनं घट्ट झाल्यावरच पलटायचं. हे तळण रात्रीच उरकलं आणि थंड झाल्यावर डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं.

शेपटी मीठ-हळदीच्या पाण्यात उकडून घेतली होती. ते पाणी फेकलं नाही. सकाळी पाटावर बसून आई आणि मी काटे वेचले, बोटांनी चाचपत, ताट उजेडाकडे धरून. वेळ जातो, पण गप्पाही होतात. मग कांदा, हिरवी मिरची, गोडलिंब (कढीपत्ता) परतून त्यात तो चुरा, वर लिंबू. तांदळाच्या भाकरीसोबत लेकीनं दोनदा मागून घेतला. उकडलेलं पाणी दुपारी लाखोळीच्या (लाखेच्या डाळीच्या) वरणात गेलं. त्या वरणाला कशाची चव आली ते मामंजींनी विचारलं आणि आम्ही सांगितलं नाही.

तळलेले पाठीचे तुकडे त्याच संध्याकाळी जवसाच्या रश्श्यात. लाईन दुपारभर नव्हती, त्यामुळे आणखी एक दिवस ठेवायची हिंमत केली नाही. जवस मंद आचेवर भाजून कुटले. जास्त भाजले तर कडू होतात, तडतडणं थांबायला लागलं की उतरवायचे. हा कूट रश्श्याला असा घट्टपणा देतो की बेसनाचं आळण लागत नाही. मात्र रस्सा आधी उकळून तयार करायचा, तुकडे शेवटी सोडायचे आणि जेमतेम पाच मिनिटं ठेवायचे, नाहीतर तळल्याचा फायदाच उरत नाही. मीठ तुकडे पडल्यावर चाखूनच घालायचं, कारण त्यांच्यात ते आधीच मुरलेलं असतं.

खवले आणि आतडी परसात लिंबाच्या बुडाशी हातभर खोल पुरली आणि वर दगड ठेवला. गावातली कुत्री वरवर पुरलेलं रात्रीतून उकरतात.