कोडिंग सोडून पेटंट एजंट: माझा अनुभव

आयटीतले ओळखीचे लोक हल्ली फोन करून पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘पेटंटमध्ये यायचं तर एलएलबी करावं लागतं का?’ नाही लागत. पेटंट अधिनियम १९७० चं कलम १२६ उघडून बघा. भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षं पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट एजंटची परीक्षा पास, एवढ्यावर भागतं. ‘पेटंट अ‍ॅटर्नी’ आपण व्हिजिटिंग कार्डावर छापतो, कायदा ओळखतो तो एजंटला, म्हणजे शोधकर्त्याच्या वतीने पेटंटचा अर्ज लिहून चालवणाऱ्याला. मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “अगं, इंजिनीअरिंग करून एजंट? एलआयसीचा का?”

मी मुंबई विद्यापीठाची कॉम्प्युटर इंजिनीअर. ऐरोलीतल्या एका कंपनीत जावामध्ये बॅकएंड लिहायचे. तिथून थेट ड्राफ्टिंगमध्ये, म्हणजे पेटंटचे अर्ज लिहायच्या कामात, कुणी घेईना, म्हणून आधी प्रायर आर्ट सर्चच्या नोकरीत शिरले, पगारात चांगलीच घट सोसून. क्लायंट म्हणतो ही कल्पना माझी. ती आधी कुणाला सुचली होती का, हे जगभरच्या पेटंटांमधून आपण हुडकायचं. क्वेरी लिहायची सवय असल्यामुळे इथे कोडरचा हात पटकन बसतो. पेटंटांचे ढीगच्या ढीग वाचून होतात, आणि चांगला क्लेम (शोधातलं नेमकं काय आपलं म्हणून राखायचं ते सांगणारा भाग) कसा दिसतो ते न शिकवता कळायला लागतं. ही पायरी टाळू नका असंच मी सगळ्यांना सांगते.

परीक्षेचं मात्र काही आपल्या हातात नसतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये झाली, त्यानंतर थेट मे २०२३ मध्ये. मध्ये करोना येऊन गेला, कितीतरी जणांनी तयारी अर्ध्यावर सोडली. पहिला पेपर कायद्यावरचा, वस्तुनिष्ठ. दुसरा ड्राफ्टिंगचा. मग तोंडी. दोन्ही पेपरांत प्रत्येकी किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के हवेत. पहिल्या पेपरला मूळ कायदा आणि नियम हेच पाठ्यपुस्तक. गाइडांच्या नादी लागू नये. मुदती घोकल्याशिवाय गत्यंतर नाही: प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या अर्जानंतर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन), १८ महिन्यांनी प्रसिद्धी, परीक्षणाची विनंती तेव्हा ४८ महिन्यांत. (मी ४८ तोंडपाठ केले आणि २०२४ मध्ये नियम बदलून ते ३१ झाले.) दुसऱ्या पेपरच्या सरावात मला घाम फुटला तो झाकणं, बिजागऱ्या, स्प्रिंगा यांचं वर्णन करताना. सॉफ्टवेअरवाल्याला वस्तू दिसतच नाही, त्याला फक्त डेटा वाहताना दिसतो. त्यात सगळं हाताने लिहायचं.

क्लेम लिहिणं तसं अंगवळणी लवकर पडलं. एक क्लेम म्हणजे एकच वाक्य, मग ते पान भरून का होईना. एखादा घटक आधी नीट ओळख करून दिल्याशिवाय पुढे वापरता येत नाही, व्हेरिएबल डिक्लेअर केल्याशिवाय वापरता येत नाही तसंच. दहाच्या वरच्या प्रत्येक क्लेमला जादा फी, त्यामुळे काटकसरही शिकले. अवघड गोष्ट निराळीच होती.

आपल्याकडे कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅम, अल्गोरिदम, गणिती किंवा व्यवसायाच्या पद्धती यांना पेटंट नाही. त्यातला ‘पर से’, म्हणजे ‘निव्वळ’, २००२ च्या दुरुस्तीने आला आणि सगळी भांडणं त्याच्याभोवती चालतात. डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की शोधाचा तांत्रिक परिणाम बघा, त्यात प्रोग्रॅम आहे एवढ्यावरून दार लावू नका. ऐकायला सोपं वाटतं. पण फोर्टातल्या ज्या ऑफिसात मी ड्राफ्टिंग शिकले, तिथले सर माझ्या मसुद्यावर लाल पेनाने गोल करून विचारायचे, “सिस्टीम वेगवान होते, हे ठीक. का होते, ते कुठे लिहिलंयस?” हे ‘का’ पहिल्या दिवशीच स्पेसिफिकेशनमध्ये असावं लागतं. दाखल केल्यावर कलम ५९ नवीन मजकूर घुसवू देत नाही. नंतर सुचलेला युक्तिवाद कितीही तगडा असो, कागदावर आधार नसेल तर तो हवेतच राहतो.

आणि हे ‘का’ क्लायंटला स्वतःलाच ठाऊक नसतं. साकीनाक्याच्या एका स्टार्टअपचं सांगते, तपशील थोडे बदलून. डिलिव्हरीवाल्यांसाठी अ‍ॅप. संस्थापक सुरुवातीपासून एकच पालुपद लावून बसले होते, “मॅडम, आमचा अल्गोरिदम युनिक आहे.” मी म्हटलं, “अल्गोरिदम ठेवा बाजूला. मुलगा लिफ्टमध्ये शिरला, नेटवर्क गेलं, तर फोन काय करतो?” ते गप्प. कोपऱ्यातल्या टेबलावरची एक डेव्हलपर मुलगी म्हणाली, “सर, ते मी केलंय ना. सगळी लोकेशन्स पाठवत नाही आपण. वळण आलं तेवढीच फोनमध्ये साठवतो, नेटवर्क आलं की एकदम जातात. मधला रस्ता सर्व्हर भरून काढतो.” तिच्या लेखी तो बॅटरीच्या तक्रारी मिटवायचा जुगाड होता. माझ्या लेखी पेटंट तिथेच होतं: पाठवायचा डेटा कमी, फोनचा रेडिओ (सिग्नल पाठवणारा भाग) कमी वेळ चालू, बॅटरी जास्त टिकणार. जुन्या आणि नव्या पद्धतीची मोजमापं घ्यायला लावली, ती वर्णनात घातली. फॉर्म १ मध्ये शोधकर्ती म्हणून तिचं नाव गेलं. संस्थापकांना ते गिळायला जरा वेळ लागला, पण शोध ज्याचा त्याचंच नाव लागतं, यात तडजोड नसते.

अर्ज मुंबई कार्यालयाचा, म्हणजे अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनाचा. सगळं ऑनलाइन असल्याने तिकडे जायची वेळ फारशी येत नाही. स्टार्टअपला फी १६०० रुपये आणि जलद परीक्षणाची सोय, त्यामुळे पहिला परीक्षण अहवाल लवकर आला. अपेक्षेप्रमाणे ३(के) चा आक्षेप त्यात होताच. सुनावणी व्हिडिओवर झाली. कंट्रोलरसाहेबांचा, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांचा, रोख हाच होता की यात प्रोग्रॅमपलीकडे काय आहे? मी मोजमापांचा परिच्छेद दाखवला. क्लेम थोडे आवळावे लागले, पंधरा दिवसांच्या मुदतीत लेखी म्हणणं दिलं, आणि पेटंट मिळालं. अर्ज नामंजूर झाला असता तर मात्र माझं काम तिथेच संपलं असतं. २०२१ मध्ये अपिलांचं मंडळ बंद झालं, आता अपील थेट उच्च न्यायालयात जातं, आणि तिथे एजंटला उभं राहता येत नाही. स्वतः लिहिलेली केस दुसऱ्याच्या हाती सोपवायची म्हणजे जिवावर येतं.

म्हणून आता सीईटी देऊन एलएलबीला प्रवेश घेतलाय. सकाळची लेक्चरं आटोपून फोर्टात कामाला. पुढे सनद आणि बार परीक्षा. सनद घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे. त्यामुळे तेव्हा पगार सोडून रिटेनरवर, म्हणजे ठरावीक फीवर, जावं लागेल. डोंबिवलीच्या फ्लॅटचं कर्ज त्याआधी मंजूर करून घ्यायच्या खटपटीत सध्या आहे, कारण बँकवाला सॅलरी स्लिपशिवाय बोलत नाही.